तिसऱ्या मजल्यापर्यंत

सोमवारी सकाळी पावणेदहाला
सिनेमा माझ्या लिफ्टमध्ये शिरतो.
आधी डबे, मग पर्सा, मग उपरकरांचं पोट,
आणि मी जाळीचं दार ओढून घेईस्तोवर
कुणीतरी विचारलेलं असतं, "बघितलास का?"

"बघितला. झोप लागली."
"अरे, मध्यंतरानंतर पकडतो तो."
"मध्यंतरापर्यंत जागं कोण राहणार?"
पहिला मजला. जहाज कंपनीवाले उतरतात.

बॅलार्ड इस्टेटच्या या म्हाताऱ्या इमारतीत
स्टुलावर बसून, पितळी मुठीवर हात ठेवून
बावीस वर्षं मी असेच सिनेमे ऐकले.
वर जाताना सुरुवात मिळते.
शेवट तिसऱ्या मजल्यावर उतरून
विमा कंपनीच्या काचेच्या दारामागे जातो,
आणि मी रिकामी लिफ्ट घेऊन खाली येतो,
हिरोला दरीच्या तोंडाशी लटकत ठेवून.

कधी जेवणाच्या सुट्टीत उरलंसुरलं हाती लागतं.
मागच्या आठवड्यात फ्लॅविया लोबो नाक पुसत म्हणाली,
"त्या कुत्र्याला मारायची काय गरज होती?"
कुठला कुत्रा? सकाळी तर कुत्रा नव्हता.
मी त्याला माझ्या दरीपाशी नेऊन बांधला.

उपरकरांना पूर्वीचं सगळं बरं वाटतं.
विजयकर फक्त पॉपकॉर्नचा भाव सांगतो:
साडेचारशे म्हणाला की समजायचं, सिनेमा पडेल होता.
दारूवाला बाईंचं ठरलेलं, "ठीक आहे, पण लांब आहे."
त्या चौथ्यावर जातात. त्यांना वेळ असतो.

मी थेटरात गेलो तेव्हा मुलगी सहावीत होती.
आता तिची मुलगी सहावीत आहे.
मोबाइलवर सगळं दिसतं म्हणतात,
पण लिफ्टमध्ये रेंज नाही,
आणि घरी गेल्यावर डोळे
मिटले तरी वर-खाली होत राहतात.

परवा गुरुवारी,
वीज गेली नव्हती, काही अडकलं नव्हतं,
फ्लॅविया एकटीच होती, छातीशी फायलींचा गठ्ठा.
पहिल्या मजल्याशी म्हणाली,
"तुम्ही बघितलात का हो, तो बोटीचा?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी "हो" म्हणून बसलो.

मग बोलणं आलं.
म्हटलं, तो बापाचं घड्याळ विकतो ना, तिथं गलबललं.
(हे उपरकरांचं.)
म्हटलं, काम छान केलंय सगळ्यांनी, पण लांबलाय जरा.
(हे कुणाचं ते तिला कळलंच असणार.)
तिसरा मजला आला.
ती उतरली नाही.
"आणि शेवट?"

शेवट माझ्याकडे कुठून असणार?
तो तिच्याच ऑफिसात होता, काचेमागे.
मी मूठ फिरवली, लिफ्ट चौथ्यावर नेली.
चौथ्यावर कुणी उभं नव्हतं.

म्हटलं, शेवटी तो परत येतो.
धक्क्यावर न्यायला कुणी आलेलं नसतं.
एक कुत्रा असतो फक्त, बांधून ठेवलेला.
तो त्याची दोरी सोडतो
आणि दोघं चालू लागतात.
कुठे, ते दाखवत नाहीत.

जाळीपलीकडे भिंत हळूहळू वर सरकत होती.
ती तिच्याकडे बघत राहिली.
"हां," म्हणाली, "तो कुत्रा."
आणि तिसऱ्यावर उतरली.

आज सोमवार. पावणेदहा.
डबे, पर्सा, उपरकरांचं पोट.
विजयकर म्हणाला, "काल बघितली ती बोट एकदाची.
साडेचारशे.
बोट बुडते, सगळे मरतात, कुत्रासुद्धा. संपलं."

फ्लॅविया डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेत,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तू लवकर उठलास.
नावं संपल्यावर आहे अजून थोडा."

"पहिला मजला,"
मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.